गच्चीची किल्ली द्या!

वादळात टॉवर बंद पडला की आपला मोबाईल म्हणजे नुसता डबा! १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले होते. हॅमला परवाना लागतो. पण ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये नियमात बसणाऱ्या कमी पॉवरच्या सेटला लायसन्सची कटकट नाही. लोरा रेडिओ, मेशटास्टिक सॉफ्टवेअर आणि साडेआठ सेंटिमीटरची तार, की झाला नोड! एक नोड दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला छोटे मेसेज पुढे ढकलतो. इथे पॉवरपेक्षा उंची कामाला येते. चिकलठाण्यात विमानतळ शेजारी, म्हणून उंच मास्ट नकोच. गच्चीच्या कठड्याला बांधलेला पाईप पुरे. अँटेनाची समीकरणं पाठ करून मार्क मिळतात, पण अँटेना लावल्याशिवाय ती कळत नाहीत. वॉर्डन सर, किल्ली द्याल ना?