पैसा कष्टाचा, निर्णय घाईचा नको

आरक्षणामुळे आपल्या समाजातील जी पिढी रेल्वे, टपाल, महापालिका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागली, ती आता निवृत्त झाली आहे किंवा होत आहे. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हातात येते. ज्या घरात आजोबांनी एकरकमी दहा हजार रुपये कधी पाहिले नाहीत, त्या घरात पंचवीस-तीस लाख येतात. ते कुठे ठेवावेत हे सांगणारे घरात कुणी नसते. पैसे आल्याचा सुगावा लागलेले दहा जण मात्र दारात उभे असतात. गुंतवणूक हा शेठजींचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आता भागणार नाही.

बडोद्याची नोकरी सोडून १९१७ मध्ये मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी कंपनी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद पडली. त्या काळी आपल्याकडे अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित होता, पण बाजाराचे दार बंद होते. आज मोबाईलवर काही मिनिटांत डिमॅट खाते उघडते. दार उघडले, पण आत शिरणाऱ्याच्या हाती अभ्यासाची शिदोरी आहे काय?

पहिला धडा मानसशास्त्राचा. डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतासाठी कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हजार रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट दुःख हजार रुपये गेल्याचे होते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. तोटा कबूल करणे जड जाते, म्हणून माणूस बुडता शेअर धरून बसतो आणि गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी मोठा डाव लावतो.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांचा सेबीने केलेला अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते. सलग दोन वर्षे तोटा होऊनही बहुतेकांनी व्यवहार थांबवले नाहीत. मग कमावले कुणी? संगणकाच्या आज्ञावलीवर व्यवहार करणाऱ्या बड्या दलाल संस्थांनी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी. वस्तीतला बेरोजगार पदवीधर मोबाईल घेऊन कुणाशी झुंजायला निघाला आहे, हे त्याला सांगणार कोण?

दुसरा धडा विश्वासाचा. अमेरिकेतील बर्नार्ड मॅडॉफ डिसेंबर २००८ मध्ये पकडला गेला. कागदावर सुमारे ६५ अब्ज डॉलरची रक्कम दाखवणारा हा माणूस जुन्यांचे पैसे नव्यांच्या पैशांतून भागवत होता. तो स्वतः ज्यू होता आणि त्याच्या जाळ्यात ज्यू धर्मादाय संस्था मोठ्या संख्येने सापडल्या. नाझी छळछावणीतून वाचलेले नोबेल विजेते एली वीझेल यांच्या संस्थेचेही पैसे त्यात गेले. ‘आपला माणूस आहे’ एवढ्यावर लोकांनी कागद तपासले नाहीत. सोसलेल्या समाजात एकमेकांवरचा विश्वास ही मोठी पुंजी असते आणि ठग नेमका तिच्यावरच डल्ला मारतो. माझ्याकडे येणाऱ्या फसवणुकीच्या प्रकरणांत योजना घेऊन आलेला माणूस बहुधा नात्यातला, कार्यालयातला किंवा जयंती मंडळातला असतो. अनेकदा त्याचेही पैसे बुडालेले असतात.

तिसरा धडा धंद्याचा. सत्यम कॉम्प्युटर्सला २००८ मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या बँकेची ७० टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. सगळी अंडी एका टोपलीत बँकेने ठेवली आणि भोगले ठेवीदारांनी. तेव्हा ठेवीवरचे विमासंरक्षण एक लाखाचे होते, फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख झाले. मात्र हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी सगळी रक्कम पतसंस्थेत टाकणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे.

चौथा धडा जगाच्या घडामोडींचा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर पोचला होता. अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये तो आठ हजारांच्याही खाली उतरला. २३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या धास्तीने तो एका दिवसात १३ टक्के कोसळून २६ हजारांच्या खाली आला, पण त्याच वर्षअखेरीस ४७ हजारांवर होता. मरणारा मेला तो पडझडीच्या दिवशी विकणारा. त्याला विकावे लागले, कारण मुलीची फी किंवा घराचा हप्ता त्याच पैशांत होता. न्यूयॉर्कच्या बँकेचा किंवा युक्रेनच्या युद्धाचा अंदाज आपल्याला बांधता येणार नाही. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालायचा नाही, एवढे मात्र आपल्या हातात आहे. पैसा कपाटात ठेवणे हाही उपाय नव्हे. महागाई त्याला वाळवीसारखी खाते.

कायदा आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते, सहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही आहे. परंतु जप्ती, लिलाव आणि वाटप यांत वर्षे जातात आणि तोवर अर्जदार थकतो. वकील म्हणून सांगतो, कायदा आजाराचे औषध आहे, पथ्य नव्हे. पथ्य आपणच पाळायचे.

निवृत्तांनी आधी सहा महिन्यांचा खर्च आणि आजारपणाचा विमा पाहावा. मग पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तीत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. उरलेल्यातून जमेल तेवढेच बाजारात जावे, तेही हप्त्याहप्त्याने. योजना घेऊन येणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : नोंदणी कुणाकडे आहे? नफा कोणत्या धंद्यातून येतो? पैसे परत हवे असल्यास किती दिवसांत मिळतील? लेखी उत्तर नसेल तर चहा पाजून परत पाठवावे. आणि कार्यकर्त्यांनी जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस या विषयाला द्यावा. तीस वर्षे राबून मिळवलेले एका सहीत जाऊ नये, यासाठी वर्षातून एक संध्याकाळ फार नाही.