‘शिस्त’ नव्हे, मारहाणच!

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली, म्हणून बहुजनांच्या पिढ्या शिकल्या. आजही शिरोळ तालुक्यातील आपली मुले शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात राहतात. तिथे छडी उगारली गेली, तर कायदा काय सांगतो?

बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये ‘शिस्त लावण्यासाठी’ दिलेली वेदनाही शारीरिक शिक्षाच ठरते. कलम ८२ नुसार बालगृहासारख्या संस्थेत पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, पुन्हा केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शाळेपुरते, तेही ६ ते १४ वयासाठी.

मग साध्या वसतिगृहातील १५ वर्षांच्या मुलीचे काय? तिच्यासाठी कलम ७५ आहे. त्यात सांभाळ करणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण मारहाणीने अनावश्यक त्रास होण्याची शक्यता होती, हे दाखवावे लागते. ‘शिस्त’ ही पळवाट इथेच उरते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: वसतिगृहाच्या मान्यतेच्या अटींतच छडीबंदी लिहा. तोवर कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील वसतिगृहांत जावे, मुलांशी बोलावे, भिंतीवर १०९८ हा क्रमांक लावावा आणि तक्रार थेट बालकल्याण समितीकडे न्यावी.