पोटभर जेवा आणि हलके व्हा

परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले म्हणजे व्हरांड्यात जशी कुजबुज सुरू होते, तशी हल्ली बारा महिने वजनाविषयी चालते. कुणी दुपारचा डबा सोडला आहे, कुणी रात्री फक्त काकडीवर आहे, कुणी डब्यातले महागडे चूर्ण दुधात कालवून पिते आहे. चौथ्या दिवशी हीच मंडळी स्टेशनबाहेरच्या गाडीवर दोन वडापाव एका दमात संपवताना दिसतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. भुकेशी केलेली लढाई माणूस बहुधा हरतोच. आमचे म्हणणे एवढेच की, ही लढाई करण्याची गरजच नाही. वजन उतरविण्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि बेचव खावे लागत नाही. त्यासाठी लागणारे अन्न आपल्या पालघर-बोईसरच्या बाजारात, टोपलीत, आपल्या डोळ्यांसमोर बसले आहे.

मुळात वजन वाढले कसे? १९६९ साली तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून वीज निर्माण होऊ लागली. पुढे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. भातलावणी करणाऱ्या, होडी वल्हवणाऱ्या घरांतली मुले पाळीच्या नोकरीवर खुर्चीत बसली. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि सकाळची न्याहारी गाडीच्या वेळेने खाऊन टाकली. काम बदलले, पण ताटातली भाताची रास मात्र आजोबांच्या नांगराच्या हिशेबानेच राहिली. त्यात तळणाची भर पडली. मग दोष कुणाचा? भाताचा खासच नाही.

पोट भरणे आणि कॅलरी भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा समजले की अर्धे काम झाले. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. पाण्याला कॅलरीच नाही आणि चोथ्याला नावापुरत्या, पण पोटात जागा दोघेही अडवतात. १९९५ साली सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापाने लोकांना खाऊ घातले आणि पुढचे दोन तास पोट कितपत भरल्यासारखे वाटते ते नोंदवले. पहिला नंबर कुणाचा आला? उकडलेल्या बटाट्याचा! पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर बटाट्याला ३२३. म्हणजे जो बटाटा वजन वाढवतो म्हणून बदनाम झाला, तो उकडलेला असेपर्यंत अगदी सज्जन आहे. बेसनात बुडून कढईत उतरला आणि पावाच्या कुशीत शिरला की तोच सुमारे ३०० कॅलरींचा वडापाव होतो. संगत वाईट, दुसरे काय!

आता आपल्या भागाकडे पाहा. हिवाळ्यात इकडे उकडहंडी होते. कोनफळ, रताळी, वालपापडी मडक्यात कोंबून आपल्याच वाफेवर शिजवायची. तेल थोडके, चव मात्र अशी की पाहुणा उठायचे नाव काढत नाही. जव्हार-मोखाड्याची नाचणी घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. दोन चमचे नाचणीच्या पिठाची आंबील पातळ ताक, जिरे, लसूण घालून केली तर तांब्याभर होते आणि दीडशे कॅलरींच्या आत राहते. सातपाटीचा ओला बोंबील घ्या. त्यात बहुतेक पाणीच, उरलेल्यात प्रथिने, चरबी नाममात्र. रव्यात घोळवून तळला तर तेल पितो, पण हिरवी मिरची, लसूण, कोकम घालून त्याचे पातळ कालवण केले तर वाटीभर भातावर जेवण पुरे होते. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, करटोली. उन्हाळ्यात ताडगोळे. यातल्या कशाला बेचव म्हणाल?

महाराष्ट्रात आहाराचे वाद रंगतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, तर ऋजुता दिवेकर थोडे थोडे, पण घरचे आणि हंगामी खा म्हणतात. तरुण मंडळी यात तट पाडून भांडतात. आमच्या मते किती वेळा जेवावे, यापेक्षा ताटात काय पडते हा प्रश्न आधीचा आहे. अर्धे ताट भाजीने भरा, मासे, डाळ किंवा अंडे घ्या, मग भात अगर भाकरी वाढून घ्या. आपला वाडा कोलम सोडू नका, दुसऱ्यांदा वाढून घेणे सोडा. फोडणीचे तेल पळीने ओतू नका, चमच्याने मोजा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तो भाग आता आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तेथील मुले-मुली आपल्याच बाकावर बसतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या भारतीय माणसाचे वजन ५९ किलोच्या पुढे गेले तर विचार करावा, पण ४७ किलोच्या खाली असणाऱ्या मुलीने डबा सोडणे म्हणजे स्वतःशी वैर धरणे आहे. आधीच रक्त कमी, त्यात फॅशनचा उपास! मैत्रिणींनो, आरशाला नव्हे, काट्याला आणि डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. नाचणी, रानभाजी, सुकट ही गरिबांची म्हणून आपण नाके मुरडली. त्याच नाचणीची बिस्किटे चकचकीत वेष्टनात आली की दुप्पट दाम मोजून आणतो. बाजारच्या दिवशी डोंगरातून उतरून करटोलीचे वाटे मांडून बसलेली आदिवासी बाई आपल्याला आहारशास्त्रच विकत असते, आणि आपण तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. तिच्या टोपलीतली भाजी आपल्या डब्यात आली तर आपले वजन उतरेल आणि तिच्या घरची चूल पेटेल. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात वड्याशेजारी आंबिलीचा एक हंडा ठेवायला काय हरकत आहे? प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी यंदा एवढे तरी मनावर घ्यावे.