समिती कुणी बुडवली?



१९६२ च्या निवडणुकीचा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर ऐकू येते. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण केले, माणसे ओढली, म्हणून संयुक्त महाराष्ट्र समिती पडली. उत्तर सोयीचे आहे खरे, कारण त्यात आपल्या माणसांचा दोष कुठेच येत नाही. अहो, विरोधकांना फोडणार नाही असा काँग्रेसने काय नवस बोलला होता? आमचा सवाल निराळा आहे. समिती फुटायला तयार कशी झाली?

आधी आकडे बघा. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या, त्याही गुजरात नि विदर्भाच्या आधारावर. पश्चिम महाराष्ट्रात समितीने तिला पार झोपवले होते. गिरणगावाने कॉ. डांग्यांना लोकसभेत धाडले. नंतर १९६२ साल उजाडले, आणि २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या! शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन ३. १ मे १९६० ला ज्यांनी राज्य खेचून आणले, त्यांना दोन वर्षांच्या आत लोकांनी दाराबाहेर बसवले. लोक काय बेइमान झाले होते? मुळीच नाही. लोकांनी मत द्यावे अशी एक जागा उरलीच नव्हती.

राज्य पदरात पडण्याच्या सुमारासच घरात भांडण लागले. प्रजासमाजवादी म्हणाले, काम झाले, आता समिती कशाला? कम्युनिस्ट आणि शेकाप म्हणाले, बेळगाव-कारवार बाकी आहे, समिती मोडता येणार नाही. रिपब्लिकन पक्षात तर १९५९ सालीच दोन तट पडले होते. पुढारी खुर्चीसाठी भांडले असे म्हणणे सोपे आहे, पण आम्ही तसे म्हणणार नाही. १९५९ साली केरळातले कम्युनिस्ट मंत्रिमंडळ दिल्लीने बरखास्त केले, तेव्हा तिथले प्रजासमाजवादी त्या मंत्रिमंडळाच्या विरोधात उभे होते. त्याच साली सरहद्दीवर चीनशी चकमकी झाल्या. हे मतभेद खरे होते. ते गिळून टाका असे सांगणारे आम्ही कोण?

पण फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत काय घडले ते आठवा. काँग्रेसचे कृष्ण मेनन उभे, त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी. कम्युनिस्ट मेननच्या प्रचाराला, प्रजासमाजवादी कृपलानींच्या! ज्या काँग्रेसच्या राजवटीत फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या, तिचा उमेदवार निवडून आणायला समितीतलाच एक पक्ष झटत होता. रात्रपाळी करून सकाळी मत द्यायला निघालेल्या साचेवाल्याने यातून काय समजायचे होते?

आमच्या मते खरे दुखणे आणखी मागे आहे. समितीची गाठ एकाच मागणीवर बांधलेली होती. मन असले म्हणजे गाठ घट्ट बसत होती, हे १९५८ साली दिसले. गिरणी कामगारांचे पुढारी कॉ. मिरजकर मुंबईचे महापौर झाले, आणि त्यांच्यामागे एकटा लाल बावटा नव्हता. पण राज्य मिळाल्यावर चाळीतल्या माणसाला काय मिळणार, या प्रश्नावर तशी गाठ कुणी मारली नाही. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी धंद्यात एकाच युनियनला मान्यता दिली होती. बोनस असो की पगार, बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. लाल बावट्याचा कामगार बाहेर, समाजवादी कामगारही बाहेर. दोघांच्या पोटावर एकच पाय होता! तो कायदा हटेस्तोवर एकत्र राहू, एवढा एक शब्द पुढाऱ्यांनी एकमेकांना दिला असता तर १ मे १९६० नंतरही भांडणे झाली असती, पण घर मोडले नसते.

कायदा तसाच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांतून बाहेर पडले, तेव्हाही त्यांच्या मागण्यांत हाच कायदा होता. वीस वर्षे आधी विधानसभेत त्यावर बोलायला ज्यांनी भरभक्कम संख्येने बसायला हवे होते, ते एकमेकांची मते खाण्यात गुंतले होते.

आणि ज्या बेळगावच्या नावाने समिती राखायची की मोडायची हा वाद पेटला, त्या बेळगावचे काय झाले? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिथल्या मराठी माणसाने महाराष्ट्र एकीकरण समितीचा झेंडा आपल्या परीने धरून ठेवला. २०१८ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत त्या समितीचे दोन गट झाले, दोघांनी आपापले उमेदवार उभे केले, आणि एकही जागा हाती लागली नाही.