काचेच्या पेटीतला दर्या

काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. दिवाणखान्यात, दवाखान्यात, हॉटेलाच्या दर्शनी भागात अशा पेट्या आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. अलीकडे मात्र ही हौस गोड्या पाण्याची वेस ओलांडून खाऱ्या पाण्यात उतरली आहे, आणि तिच्या नव्या मानकऱ्यांत ‘मॅन्टिस श्रिंप’ नावाच्या एका विलक्षण जीवाची गणना होऊ लागली आहे. खंडोबाच्या किड्याप्रमाणे पुढचे पाय छातीशी दुमडून बसणारा हा कवचधारी प्राणी नावाने कोळंबीचा भाऊबंद वाटतो. पण खऱ्या कोळंबीच्या घराण्यापासून त्याचा वंश सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्याच्या साडेचारशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. अशा जीवाला घरात आणण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. ती इच्छा पुरी करण्याची योग्यता आपल्या अंगी आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

या प्राण्याचे वेड जगाला लागले ते काही उगीच नव्हे. त्याच्या एका गटातील जाती भाल्यासारख्या काटेरी पायांनी मासे व सुंगटे भोसकतात, तर दुसऱ्या गटातील जाती गदेसारख्या पायांनी शिंपले आणि खेकड्यांची कवचे फोडतात. २००४ साली शीला पटेक या अमेरिकी शास्त्रज्ञ महिलेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने हा ठोसा टिपला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या घरात असल्याचे आढळले. हे सारे पाण्यात घडते, आणि इतक्या वेगाने की पाण्यात क्षणभर वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. ते फुटताना भक्ष्यावर दुसरा आघात होतो. डोळ्यांची तऱ्हा याहून न्यारी. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, आणि रंग ओळखण्यासाठी मनुष्याच्या डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असताना याच्या काही जातींत ते बारा आहेत. पण २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी परीक्षा घेतली, तेव्हा जवळजवळच्या दोन छटा वेगळ्या ओळखण्यात हा प्राणी मनुष्याहून पुष्कळच मागे पडला. साधने बारा असली म्हणजे विवेक चौपट होतो असे नाही, हा धडा मनुष्यानेही घ्यावा असाच आहे.

परंतु या अद्भुताची दुसरी बाजू आपल्याच किनाऱ्यावर रोज उलगडत असते, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ज्या मॅन्टिस श्रिंपसाठी हौशी मंडळी दूरदेशीच्या व्यापाऱ्याला पैसे मोजतात, त्याचेच गाळात राहणारे, मातकट रंगाचे भाऊबंद कोळंबीच्या मागे लागलेल्या ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाने सापडतात. जपानात व इटलीत असले जीव चवीने खाल्ले जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र ते बहुधा टाकाऊ ठरतात, पुन्हा समुद्रात फेकले जातात किंवा खताच्या आणि पशुखाद्याच्या कामी लागतात. रंगीत तो दुर्मिळ व मोलाचा, आणि मातकट तो केर, हा न्याय ज्या समाजाचे पोट दर्यावर भरते त्याला शोभणारा नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणारे आपण त्या दर्याच्या तळाशी कोण राहते याविषयी किती उदासीन आहोत, हे या एकाच उदाहरणावरून ध्यानात यावे.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, पेटी जरूर मांडावी, पण ती डोळसपणे मांडावी. आणि डोळसपणाचा पहिला नियम म्हणजे प्राण्याआधी पाणी. नव्या पेटीत पाणी ओतून त्याच संध्याकाळी प्राणी सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. प्राण्याच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती वाळूत व दगडांवर बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर ज्यास नाही, त्याने या वाटेस जाऊ नये.

दुसरा नियम क्षारतेचा. बाजारातील मीठ नळाच्या पाण्यात विरघळवले म्हणजे समुद्र तयार झाला, अशी समजूत पुष्कळांची असते. मिठागरे पाहिलेल्या माणसाची ही फसगत होऊ नये. मिठागरात मीठ धरते तेव्हा मॅग्नेशियमसारखे इतर क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहून जातात. म्हणून मिठापासून पुन्हा समुद्र घडत नाही. त्यासाठी सर्व क्षारांचे तयार मिश्रण तरी घ्यावे, नाहीतर स्वच्छ समुद्राचे पाणी आणावे. पण तेही केव्हा व कोठून, याला महत्त्व आहे. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी पाण्याचा वरचा थर जवळजवळ गोडा होतो. तेथून जुलैत भरलेला कॅन या प्राण्याचा काळ ठरेल. पाण्याची विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२६ यांच्या दरम्यान राखली पाहिजे. मिठागराचाच दुसरा धडा असा की, वाफ होऊन पाणी जाते, मीठ मागे राहते. तेव्हा पेटीतील पातळी उतरली की भर घालायची ती क्लोरीनविरहित गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे.

तिसरी गोष्ट निवाऱ्याची. हा बिळात राहणारा जीव आहे. बिळाविना ठेवला तर तो सतत भेदरलेला राहतो. खडकाच्या कपारीत राहणाऱ्या लहान जातींना चाळीसेक लिटरची पेटी आणि अंगाच्या मापाची प्लॅस्टिकची नळी पुरते. मोरासारख्या रंगांची जी मोठी जात प्रसिद्ध आहे तिला याच्या तिप्पट जागा हवी, आणि तिच्या ठोशाने काच तडकू शकते हे लक्षात घेऊन पेटी जाड ॲक्रिलिकची घेणे बरे. गाळात राहणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरील जातींना तर वीतभर खोल वाळू-गाळाचा थरच पाहिजे. झगझगीत दिवे नकोत. सोबतीला शोभेचे मासे सोडू नयेत. ते शोभा न होता भोजन होतील. खाणे दोनतीन दिवसांआड द्यावे, त्यात कवचाचे शिंपले-खेकडे असावेत आणि उरलेले लगेच काढून टाकावे. तांबे असलेली माशांची औषधे या वर्गाला प्राणघातक आहेत, तेव्हा ती पाण्यात पडू देऊ नयेत. आणि हा प्राणी बिळाचे तोंड बंद करून दिवसेंदिवस बाहेर आला नाही, तर मेला असे समजून दगड उपसू नयेत. कात टाकण्याचा तो काळ असतो. नवे कवच कठीण होईपर्यंत तो पूर्णपणे असहाय असतो, आणि त्याला त्या वेळी फक्त एकांत हवा असतो.

येथवर वाचून कोणी विचारील, इतका खटाटोप करून एका मुक्त जीवाला कोंडायचे तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात रोज हुमण शिजते त्या घराने भूतदयेच्या गप्पा मारू नयेत, असे उत्तर देऊन तो टोलवता येईल. पण ते उत्तर पुरेसे नाही. खाण्यासाठी मारलेल्या जीवाशी आपला संबंध एका जेवणापुरता असतो. पाळलेल्या जीवाशी तो त्याच्या आयुष्यभराचा असतो, आणि यांतील मोठ्या जाती अनेक वर्षे जगतात. मे महिन्यात पाणी तापते, जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते, सुट्टीत घरास कुलूप लागते. या तिन्ही वेळी त्या पेटीची काळजी कोण घेणार, याचे उत्तर ज्याच्यापाशी आधीच तयार आहे, त्यालाच ही हौस करण्याचा अधिकार पोहोचतो. कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी समुद्रात सोडून देणे हे तर पापच. हिंदी व प्रशांत महासागरांतील लायन फिश हा विषारी काट्यांचा मासा १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. हौशी पेट्यांतून सुटलेल्या माशांपासून त्याचा तेथे फैलाव झाला असे मानले जाते, आणि आज तो तेथील स्थानिक माशांचा कर्दनकाळ ठरला आहे.

पेटी सजवण्यासाठी प्रवाळाचे दगड फोडून आणणे हा आणखी एक गुन्हा, आणि तो शब्दशः गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना २००१ सालापासून लाभले आहे. वास्कोसमोरील ग्रांद बेटाच्या परिसरात आणि मालवणच्या समुद्रात जे थोडे प्रवाळ उरले आहेत, ते कोणाच्या दिवाणखान्यासाठी नाहीत.

मग ही पेटी शोभावी कोठे? आमच्या मते तिची खरी जागा शाळेत आहे. आपली मुले पडद्यावर दूरच्या समुद्रांतील चमत्कार पाहतात आणि कोसभरावरील रापणीत काय आले हे त्यांस ठाऊक नसते. पेडणे ते काणकोण किनारपट्टीच्या प्रत्येक तालुक्यातील एकातरी शाळेत शंभर लिटरची एक पेटी असावी. तीत परदेशी मोर नको, आपल्याच किनाऱ्यावरचा मातकट प्राणी असावा. ट्रॉलरच्या ढिगात चेंगरलेला जीव सहसा जगत नाही. तो रापणकाराकडून, जाळे किनाऱ्याला लागताच, धडधाकट निवडून घ्यावा. ज्या रापणकारांच्या दीर्घ लढ्यानंतर १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा गोव्याला मिळाला, त्यांच्यापाशी समुद्राचे जे ज्ञान आहे ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. या निमित्ताने तो रापणकार गुरुजींच्या शेजारी वर्गात उभा राहिला, तर शिक्षणाचा दर्जा वाढेलच, घटणार नाही.

१९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल येथे उभी आहे. मच्छीमारी खाते आहे, शिक्षण खाते आहे. एका पेटीचा, बॅटरीवर चालणाऱ्या एका हवेच्या पंपाचा आणि शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीला भार वाटावा असा नाही. मात्र मे महिन्याच्या सुट्टीत पेटीची जबाबदारी कोणाकडे राहील, हे ज्या शाळेने लिहून दिले असेल तिलाच ती द्यावी. ती व्यवस्था होत नसेल, तर वर्षअखेरीस तो प्राणी ज्या किनाऱ्यावरून आणला त्याच किनाऱ्यावर मुलांच्या देखत परत सोडावा. एरवी कोणी परका जीव दर्यात सोडू नये, आणि आपला जीव मात्र आपल्या दर्याला परत द्यावा, हा भेद मुलांस त्या एका दिवसात कळेल.

ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्या नाशाचे दुःख कोणाला होत नाही. ट्रॉलरच्या ढिगात रोज काय मरते हे आपल्याला सलत नाही, याचे कारण आपण त्याला कधी जिवंत पाहिलेले नाही. बिळाच्या तोंडाशी बसून दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवीत आपल्याकडे पाहणारा तो जीव ज्या मुलाने वर्षभर पाहिला असेल, ते मूल मोठे होऊन जेटीवर गेले तर त्या ढिगाकडे ‘केर’ म्हणून पाहणार नाही. समुद्राविषयीचे कायदे पुष्कळ झाले; ते पाळावेसे वाटणारी पिढी अजून घडवायची आहे. शंभर लिटर पाण्यात तिचा आरंभ होत असेल, तर शिक्षण खात्याने येत्या शैक्षणिक वर्षापासून निदान एका तालुक्यात हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.