पडद्यावर नाटक, कानात घरघर

मैत्रिणींनो, या सदराकडे मिक्सर, कुकर आणि गीझर यांच्या तक्रारी नेहमीच येतात. प्रोजेक्टर मात्र यावेळी पहिल्यांदाच आला. साताऱ्याच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आहे. त्यातला मुख्य मजकूर असा:

‘यजमानांनी २०११ साली मोठ्या हौसेनं प्रोजेक्टर घेतला. रविवारी रात्री जेवणं आटोपली की हॉलच्या भिंतीवर जुनी नाटकं नाही तर सिनेमा लावतो. सासऱ्यांना नाटकाचं फार वेड. ते आता ब्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे. हल्ली प्रोजेक्टरचे पंखे इतके घरघरतात की आप्पा दहा मिनिटांत उठतात. तुम्ही बघा, मला झोप येते, म्हणतात. ताई, झोप कसली! आत अंधारात जागेच बसलेले असतात. यजमान म्हणतात, विकून टाकू. धाकटे भाऊजी म्हणतात, आत तीन पंखे आहेत, एकाची वायर काढली तर आवाज कमी होईल. काय करू?’

आधी भाऊजींना थांबवा. बाकीचं सावकाश बघू.

तुमचा प्रोजेक्टर त्या काळचा, म्हणजे बहुधा दिव्याचा आहे. हा दिवा साधासुधा बल्ब नसतो. बोराएवढ्या काचेच्या फुग्यात पारा असतो आणि दिवा लागला की आतला दाब बाहेरच्या हवेच्या दीडशे-दोनशे पट होतो. आपल्या कुकरात शिट्टीच्या वेळी तो जेमतेम दुप्पट असतो, यावरून अंदाज करा. काच कित्येकशे अंश तापते. तिला वारा घालणारा पंखा बंद पडला तर बऱ्याचदा यंत्र आपण होऊन बंद होतं, पण त्या भरवशावर बसू नये. दिवा फुटला तर काचेबरोबर पाराही बाहेर येतो. शिवाय, पंखा फिरतोय की नाही हे बऱ्याच यंत्रांना पंख्याच्या तिसऱ्या वायरीतून कळतं. ती तोडलीत तर यंत्र सुरूच व्हायचं नाही.

आता आवाज कसा आहे तो ऐका. यंत्र लावून दोन मिनिटं शांत उभ्या राहा. नुसता ‘सूंऽऽ’ असा वाऱ्याचा आवाज असेल तर पंखा ठणठणीत आहे, तो फक्त जोरात पळतोय. खरखर, टकटक किंवा घासल्यासारखा आवाज असेल तर पंख्याचं बेअरिंग तरी गेलंय किंवा पात्यांना काहीतरी लागतंय. पहिल्या आवाजाला खर्च जवळजवळ नाही, आणि घरोघरी बहुतेक वेळा तोच असतो.

पंखा जोरात पळतो, कारण आत उकडतं. आत उकडतं, कारण हवा यायची वाट धुळीनं बुजलेली असते. हवा आत घेणाऱ्या जाळीमागे बऱ्याच प्रोजेक्टरांना फिल्टर असतो. तो यंत्राच्या बाजूला किंवा पोटाखाली मिळेल. काही यंत्रांना नसतोही; मग नुसती जाळी साफ करायची. आपल्या घरांतली धूळ कोरडी नसते हो. फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर आणि गादीचा कापूस मिळून तिचा चिकट थर बसतो. एका ओळखीच्या घरी मी फिल्टर काढला, तर निरांजनाच्या वातीसाठी पिंजलेला कापूस निघावा तसा गोळाच हाती आला! त्यांनी दहा वर्षांत तो एकदाही काढला नव्हता.

खटका बंद करून पिन काढा आणि यंत्र तासभर निवू द्या. मग फिल्टर काढून मऊ कुंचल्यानं झटका, किंवा व्हॅक्यूम क्लीनर मंद ठेवून बाहेरूनच धूळ ओढून घ्या. स्पंजासारखा असेल आणि पुस्तिकेत परवानगी असेल तरच कोमट साबणपाण्यात धुवा. सावलीत अगदी खडखडीत वाळेपर्यंत परत घालू नका. कागदी असेल तर पाणी मुळीच नको. जाळीतून आत जोराची हवा मारायचा मोह होईल, तोही आवरा. त्यानं धूळ भिंगावर जाऊन बसते आणि पंखा गरगर फिरून उलट वीज तयार करतो, ती आतल्या भागांना मानवत नाही.

मग पडद्यावरच्या यादीत, म्हणजे मेनूत, दोन गोष्टी बघा. ‘इको’ किंवा ‘लॅम्प लो’ असं असेल तर ते लावा. दिवा थोडा मंद होतो, पंखे हळू होतात, दिव्याचं आयुष्यही वाढतं. रात्री दिवे मालवल्यावर फरक फारसा जाणवत नाही. दुसरी गोष्ट ‘हाय अल्टिट्यूड’. उंचावरच्या विरळ हवेसाठी पंखे जोरात पळवायची ही सोय आहे, आणि कुणीतरी बटणांशी खेळताना ती चालू होऊन राहते. सहसा ती १५०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर लागते. आपलं महाबळेश्वरही तेवढं उंच नाही. कळसूबाईच्या माथ्यावर नाटक लावणार असाल तर गोष्ट वेगळी!

एवढं करूनही खरखर राहिली तर पंखा बघावा लागेल. हे काम मात्र यंत्र उघडायची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. दिव्याला पेटवणारा भाग उच्च दाबाच्या विजेचा असतो, आणि पिन काढल्यावरही तिथे काही वेळ वीज साठून राहू शकते. काही पंख्यांच्या मधल्या चिकटपट्टीखाली बेअरिंग सापडतं. तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकला की पंखा काही महिने गप्प बसतो. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं. हा तात्पुरता इलाज आहे, खरा उपाय नवा पंखा. जुन्या पंख्यावर मिलिमीटरमध्ये माप, १२ व्होल्ट वगैरे आणि अँपिअरचा आकडा छापलेला असतो. काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या, हवेची दिशाही त्यात दिसू द्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुना पंखा दाखवून तसाच मागता येईल. दुकानदार ‘सायलेंट’ म्हणून दुसराच पुढे करील. तो शांत असतो तो बहुतेक वेळा वारा कमी घालतो म्हणून. आपल्याला वारा हवाय.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. ‘आप्पांची आरामखुर्ची मागच्या भिंतीशी, शेल्फखालीच असते, तिथून पडदा छान दिसतो.’ मानाची जागा खरी, पण पंख्यांच्या अगदी तोंडाशी! त्यात प्रोजेक्टरचा स्वतःचा इवलासा स्पीकर त्याच डब्यात बसवलेला. म्हणजे नटाचं बोलणं आणि घरघर एकाच ठिकाणाहून आप्पांच्या कानावर येतात. वयानं बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, त यांसारखी व्यंजनं निसटतात. कानाचं यंत्र जवळची घरघरही मोठी करतं. माणूस थकतो आणि झोपेचं निमित्त काढतो.

तेव्हा खुर्ची पुढे आणा, पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर, जरा एका बाजूला. एक साधा बाहेरचा स्पीकर वायरीनं जोडून पडद्याखाली ठेवा. बिनतारी स्पीकरला कधीकधी आवाज मागून येतो, ओठ आधी हलतात. प्रोजेक्टरच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवा, म्हणजे फळी त्याच्याबरोबर गुणगुणणार नाही. यंत्रावर कापड किंवा खोका घालू नका, चारी बाजूंनी निदान फूटभर मोकळं असू द्या.

आणखी एक. नाटक संपल्यावर भिंतीवरचा खटका लगेच बंद करू नका. आधी रिमोटनं बंद करा आणि पंखे आपण होऊन थांबू द्या. वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस लावा. तापलेल्या दिव्याला वारा मिळाला नाही की त्याचं आयुष्य कमी होतं आणि नवा दिवा स्वस्त नसतो.

विकण्याचा विचार यजमानांनी महिनाभर पुढे ढकलावा, असं माझं नाव सांगून कळवा. आधी फिल्टर, मग मेनू, मग खुर्ची. येत्या रविवारी कोणतं नाटक लावलंत आणि आप्पा मध्यंतरानंतरही बसले का, तेवढं एका ओळीत लिहा.