तोंड वाकडं झालं की आधी गाडी काढा

नायगाव तालुक्यातल्या सगळ्यांना हात जोडून एक सांगणं आहे. घरातल्या कुणाच्या अंगावरून वारं गेलं की आपल्याकडं आधी तेल, लेप, जडीबुटी आणायला माणूस धाडतात. दोन दिवस त्यात जातात, मग नांदेड गाठलं जातं. तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

लकवा हातापायाला दिसतो, पण बिघाड डोक्यात असतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. मोठी वाहिनी तुंबली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. तेही सीटी स्कॅन पाहून, कारण वाहिनी फुटलेली असताना दिलं तर रक्तस्राव वाढतो. म्हणून घरी रक्त पातळ करणारी डिस्प्रिनसुद्धा देऊ नका. नायगावहून नांदेड सुमारे ५० किलोमीटर. शेतातून आणणं, गाडी मिळवणं, तपासणी, सगळं याच साडेचार तासांत बसवायचं आहे.

ओळखायला डॉक्टर लागत नाही. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतं का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा, एक हात खाली येतो का बघा. आज वार कोणता ते विचारा, जीभ जड पडते का ऐका. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करा. माणूस धड बोलता-चालता शेवटचा किती वाजता दिसला, ते नीट लक्षात ठेवा. दवाखान्यात तेच आधी विचारतात. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळणं बंद पडलेलं असेल तर घास श्वासनलिकेत जातो. नाकात तेलही सोडू नका. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण खरा झटका पुढच्या एक-दोन दिवसांत येऊ शकतो.

जुने वैद्य डोक्याच्या दुखण्यात सबुरी धरायचे, असं कुणी सांगितलं तर मानू नका. आयुर्वेदाचे आचार्य चरक यांनी शरीरातल्या १०७ मर्मांतून, म्हणजे नाजूक जागांतून, हृदय, बस्ती (मूत्राशय) आणि शिर ही तीनच मुख्य मानली. कानशिलात आग पेटल्यासारखं दुखणारा शंखक तीन रात्रींत जीव घेतो, त्यावर उपचार धरण्याआधी नातलगांना धोका स्पष्ट सांगा, असं ते वैद्यालाच बजावतात. नेहमीच्या अर्धशिशीवर जाणत्या वैद्याकडून नस्य, म्हणजे नाकातून औषध, जरूर घ्या. पण आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं एकाएकी दुखलं, किंवा सोबत उलटी, ताप, मान ताठ असेल, तर वाट मोठ्या दवाखान्याचीच.

विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडातच शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. दोन्हींचा उपयोग करा, फक्त क्रम चुकवू नका. जीव सावरल्यावर मालिश, पंचकर्म दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगून करा. बीपीची गोळी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं बीपी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मोजून घ्यावं.